काकूंच्या बाजूचं बटण

वैशाखातल्या एखाद्या मंगळवारी नाशिकहून वणीच्या गडाकडे निघालेल्या एसटीत तुम्ही त्या काळी बसला असाल आणि मागच्या काचेतून सहज बाहेर बघितलं असेल, तर खैरनारकाका तुम्हाला दिसले असणारच. पिस्ता रंगाची, चौकोनी, म्हातारी गाडी आणि तिच्यात एकटे काका. बस थांबली की गाडी थांबायची, बस निघाली की गाडी निघायची. पुढे रस्ता मोकळा पडलेला असला तरी काका बसला ओलांडून जात नसत. कारण बसमध्ये खिडकीशी त्यांची बायको बसलेली असे.

भांडण वगैरे काही नाही हं. दिंडोरीला बस चहासाठी थांबली की काका टपरीवरून दोन ग्लास घेऊन खिडकीखाली उभे राहायचे. एक वर काकूंना द्यायचे, दुसरा स्वतः प्यायचे. "मळमळत नाही ना गं? आवळासुपारी आहे ना जवळ?" असं विचारायचे. कंडक्टर वैतागायचा. "काका, एवढी स्वतःची गाडी आहे, तर मावशींना तिच्यातच घ्या की!" त्यावर काका ग्लास खाली ठेवून गंभीरपणे म्हणायचे, "विषय तो नाहीये."

विषय कधीच तो नसायचा. सबंध आयुष्यात काकांनी ज्याच्याबद्दल प्रश्न विचारला गेला तो विषय मान्य केला असेल, तर शपथ.

मी मंजिरी. इंदिरानगरला त्यांच्या खालच्याच मजल्यावर राहते. बँकेत नोकरी करते आणि माझी जीभ जरा तिखट आहे, असं आमच्या घरी म्हणतात. काका मूळचे सटाण्याकडचे. सातपूरच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर म्हणून त्यांनी उभी हयात काढली आणि निवृत्त होताना बाकी सगळं कारखान्यात ठेवून स्टोअर तेवढं घरी घेऊन आले. म्हणजे सवयीनं हो. त्यांच्या घरात लेबल नसलेली वस्तू औषधालाही सापडायची नाही. साखरेचे दोन डबे होते. एकावर "साखर, घरची" आणि दुसऱ्यावर "साखर, पाहुण्यांची". दोन्हींत साखर एकाच पोत्यातली. मी एकदा विचारलं, "काका, मग फरक काय?" म्हणाले, "मंजिरीबाई, फरक साखरेत नसतो. चमच्यात असतो. पाहुण्यांच्या डब्यातला चमचा मोठा आहे." मला तेव्हापासून चहा गोडच लागतो त्यांच्याकडचा.

मी त्यांच्या मुलीच्या वयाची, पण मला ते मंजिरीबाईच म्हणत. मुलगी लग्न होऊन दूर इंदूरला. त्यामुळे काकूंना बोलायला कोणी नाही म्हणून मी वर जायचे, आणि काका ऐकायला कोणी नाही म्हणून मला धरून ठेवायचे.

त्यांच्या गाडीतून भाजीबाजारात जायचं म्हणजे विमानात बसायचं. आधी सूचना. "दार आतून दोनदा ओढायचं. काच अर्धीच खाली. टेक्निकली आपण आता निघतो आहोत." मग हॉर्न. पार्किंगमध्ये चिटपाखरू नसलं तरी हॉर्न. मग प्रत्येक गिअरची घोषणा, "पहिला. दुसरा. तिसऱ्याची आवश्यकता नाही." तिसऱ्याची आवश्यकता नाशिकमध्ये त्यांना कधी भासलीच नाही. कॉलेज रोडला आम्हाला सायकली ओलांडून जायच्या, आणि एकदा एका सायकलवाल्यानं मागं वळून "काही मदत हवी का काका?" असं विचारलं होतं.

मी बसायची ती मागं. पुढची डावी सीट कायम रिकामी. कोणी चुकून तिकडचं दार उघडलं की काका घाईघाईनं म्हणत, "तिकडे नको, मागे बसा, मागे ऐसपैस आहे." मागे काय डोंबलाची ऐसपैस! गुडघे छातीला लागायचे. पण ती सीट काकूंची होती आणि काकू तिच्यावर सात-आठ वर्षांत बसल्या नव्हत्या.

झालं होतं असं. गडावरची सप्तशृंगी हे खैरनारांचं कुलदैवत. चैत्रातल्या यात्रेची गर्दी ओसरली की वैशाखात देवीची ओटी भरायला जायचं, हा त्यांच्या घरचा नेम. गाडी घेतल्यापासून दोघं गाडीनंच जात. एका वर्षी नांदुरीचा घाट चढताना एका उभ्या वळणावर गाडीचा दम गेला. इंजिन बंद पडलं आणि गाडी मागं घरंगळली. फार नाही, काकांनी लगेच ब्रेक दाबला. पण त्या तेवढ्यात काकूंनी दार उघडून बाहेर उडी टाकली. कोपर फुटलं, हात गळ्यात बांधावा लागला. हात महिन्याभरात बरा झाला. भीती मात्र बरी झाली नाही. काकूंनी घरी येऊन एकदाच सांगितलं, "पुन्हा ह्या गाडीत मी नाही." आणि काकू एकदाच सांगणाऱ्यांतल्या.

तेव्हापासून ही वरात सुरू झाली. पुढे बसमध्ये बायको, मागे गाडीत नवरा. आणि नांदुरीपर्यंतच बरं का! तिथं बस घाट चढायला लागली की काका गाडी झाडाखाली लावून तिच्यातच बसून राहत. काकू वर जाऊन, ओटी भरून, प्रसाद घेऊन खाली येईपर्यंत उन्हात शिजत. मी म्हटलं, "अहो काका, गाडी नाही चढत तर तुम्ही तरी बसमधून जा वर, दर्शन घ्या!"

"एकटा कसा जाऊ?"

"एकटे कुठे, काकू असतातच की बसमध्ये."

"ती बसनं आलेली, मी बसनं आलेलो. म्हणजे दोन प्रवासी. आम्ही जोडीनं गेलो असं टेक्निकली होत नाही."

आता याला काय म्हणायचं! मग गाडी तरी विका, असं त्यांना बिल्डिंगमधल्या प्रत्येकानं सांगून झालं होतं. नवी घ्या, जोरकस घ्या. काकू नव्या गाडीत बसतील. काकांचा चेहरा असा काही व्हायचा की जणू आपण काकूच बदलायला सांगितल्या. एकदा मात्र मला त्यांनी सरळ उत्तर दिलं. म्हणाले, "मंजिरीबाई, गाडी विकली तर तिची भीती खरी होती असं ठरेल. मग ती भीती नव्या गाडीतही बरोबर येऊन बसेल. हीच गाडी त्याच वळणावरून वर गेली पाहिजे, आणि माझी बायको आत असताना गेली पाहिजे." पहिल्यांदाच विषय तोच होता.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. नाशकात तेव्हा गाड्यांच्या शर्यतींचं खूळ होतं. डोंगरातून, नांगरलेल्या रानांतून पोरं धुरळा उडवत गाड्या पळवायची आणि लोक डब्यात पोहे घेऊन बघायला जायचे. काकाही गेले. आले ते लाल होऊन. धुरळ्यानं आणि उत्साहानं. चपला न काढताच आमच्या दारात उभे.

"आपल्यासारखीच गाडी होती! मॉडेलही तेच. आणि टेकडीवर अशी गेली, जशी काही बोलावणंच आलं होतं तिला. मी ड्रायव्हरला गाठलं. म्हणाला, आत बूस्टर आहे."

बूस्टर म्हणजे काय, हे मला पुढचे तीन महिने जिन्यात, गच्चीवर, आणि एकदा तर बँकेच्या काउंटरवर, मागे माणसं रांगेत उभी असताना, ऐकावं लागलं. थोडक्यात असं, की एक विजेवर चालणारा पंखा इंजिनात जास्तीची हवा कोंबतो, त्याच वेळी एक छोटी झडप जास्तीचं पेट्रोल सोडते, आणि गाडीला अंगात आल्यासारखं होतं. बटण दाबलं की जोर, सोडलं की पुन्हा गरीब गाय.

नाशकातल्या द्वारका चौकाजवळ सलीमभाईंचं गॅरेज होतं. शर्यतीच्या गाड्या तिथं दुरुस्त व्हायच्या. काकांनी मला साक्षीदार म्हणून नेलं. सलीमभाईंनी गाडीभोवती एक फेरी मारली, बॉनेट उघडलं आणि लगेच बंद केलं.

"काका, ये रेस का सामान है. तुमच्या गाडीला लावलं ना, तर बिचारी शरमेनं मरून जाईल."

"रेस लावायची नाहीये. एक वळण चढायचंय."

"एक वळण?"

"एकच. नांदुरीच्या घाटातलं."

"एका वळणासाठी एवढा खटाटोप? अहो, मागून दोन माणसं ढकलतील."

"आत बसलेल्या माणसाला ढकललेलं कळतं," काका म्हणाले. सलीमभाईंनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. त्यांनी कपाट उघडून, एका निवृत्त शर्यतीच्या गाडीतून काढलेला ब्लोअर, म्हणजे तो हवा कोंबणारा पंखा, बाहेर काढला, आणि म्हणाले, "चला, आता तुम्ही मानणार तर नाहीच."

काकांनी तो आधी घरी आणला. अभ्यास करायला. रविवारी सकाळी बिल्डिंगच्या अंगणात बॅटरीला जोडून चालू करून बघितला. पंखा चालला. फक्त तोंड कोणीकडे आहे, हे बघायचं राहिलं. तोंड होतं तळमजल्याच्या कुलकर्णीबाईंच्या कुरडयांकडे. तीन दिवस उन्हात वाळत घातलेल्या, साडीवर ओळीनं मांडलेल्या कुरडया साडीसकट उठल्या आणि शेजारच्या बिल्डिंगच्या बोगनवेलीवर जाऊन बसल्या. कुलकर्णीबाई बाहेर आल्या. त्यांनी वर बोगनवेलीकडे बघितलं, मग काकांकडे बघितलं, आणि जे काय बोलल्या ते इथं लिहिण्यासारखं नाही.

पुढच्या रविवारी खैरनारकाका बनियनवर, घामाघूम होऊन, गच्चीत सोऱ्या दाबत बसले होते. गव्हाचा चीक काकूंनी शिजवून दिला होता. सगळ्या कुरडया वाळल्यावर डबा भरून कुलकर्णीबाईंकडे पोचवला. डब्यावर लेबल होतं, "कुरडया, भरपाईच्या". बाई हसल्या आणि प्रकरण मिटलं.

ब्लोअर बसला. झडप बसली. आता बटण कुठं बसवायचं, यावरून गॅरेजमध्ये जुंपली. सलीमभाई म्हणाले, "गिअरच्या दांड्यावर. हाताशी राहील. शर्यतवाले सगळे तिथंच लावतात." काकांनी बोट दाखवलं ते डाव्या बाजूला. पुढच्या रिकाम्या सीटसमोर, सामान ठेवायच्या कप्प्याच्या वर.

"काका, तिथं तुमचा हात पोचणार नाही."

"माझा पोचायला नकोच आहे."

"मग बटण पॅसेंजर दाबणार?"

"पॅसेंजर नाही," काका म्हणाले. "ती." आणि मग जरा वेळानं, तारेचा गुंडा हातात फिरवत म्हणाले, "सलीमभाई, भीती कसली वाटते माणसाला? चढाची नाही वाटत. आपल्या हातात काही नाही, याची वाटते. मी स्टेअरिंग धरून बसलेलो असतो, ब्रेक माझ्या पायाखाली, गिअर माझ्या हातात. तिच्या हातात काय? दाराची कडी. मग तिनं तीच उघडली. तिची काय चूक?"

मला त्या माणसाचा इतका अभिमान वाटला म्हणून सांगू! एवढी वर्षं त्यांच्या लेबलांची टिंगल केली होती मी, पण बायकोच्या भीतीवर इतकं अचूक लेबल लावलेला नवरा मी दुसरा बघितलेला नाही.

बटण काकांनी मुद्दाम दाबून धरायचं घेतलं. धरलं की चालू, सोडलं की बंद. वर लेबल, "जोर".

आता राहिल्या काकू. काकू कणीक मळत होत्या. काकांनी सगळी योजना सांगितली. ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मला नाही जमायचं ते. मिक्सरचं बटणसुद्धा मी डोळे मिटून फिरवते."

दुसऱ्या दिवशी मी वर गेले तर स्वयंपाकाच्या ओट्यावर एक फळी. फळीवर तसंच बटण, एक छोटा दिवा आणि बॅटरीचे सेल. काका समजावत होते, "हे दाबलं, दिवा लागला, म्हणजे गाडीला जोर आला. सोडलं, गेला. बस, एवढंच. तू धरलंस तर वर, तू सोडलंस तर सावकाश. मी कोण? मी फक्त वळवणारा."

काकूंनी पहिले चार दिवस त्या फळीवर लसणाची टोपली ठेवली. मग टोपली हलली. मग एके दिवशी वरणाला उकळी आली आणि काकूंनी सहज बटण दाबून धरलं, उकळी खाली बसेपर्यंत. म्हणाल्या, "दिवा लागला की बरं वाटतं गं, काहीतरी केल्यासारखं." पुढं पुढं तर पोळी फुगताना दिवा, दूध उतू जाताना दिवा. भाजीवाली आली तर तिलाही त्यांनी दाबून दाखवलं. "आमच्या ह्यांनी गाडीला केलंय. हे माझ्याकडे असणार आहे." भाजीवाली काकांकडे बघून म्हणाली, "लय भारी केलं काका, समदं मावशींच्या हातात दिलं!" काका नुसते आढ्याकडे बघत होते. पण मला दिसत होतं, आनंदानं माणूस फुटायचा तेवढा राहिला होता.

शेवटी काकूंनी अटी घातल्या. म्हणाल्या, "वळणाला मी उतरते म्हटलं, तर उतरणार. मला थांब म्हणायचं नाही, समजावायचं नाही. आणि मंजिरी मागे बसणार, लाकडाचे दोन ठोकळे घेऊन. गाडी थांबली की तिनं उतरून ते मागच्या चाकांना लावायचे." काका म्हणाले, "कबूल." मला कोणी विचारलंच नाही.

तर तो मंगळवार. काकू नऊवारी नेसून खाली आल्या. हातात ओटीचं ताट. गाडीसमोर नारळ फोडला, चाकांना पाणी घातलं, बॉनेटवर स्वस्तिक काढलं. मग आत वाकून स्टेअरिंगला हळदकुंकू वाहिलं. आणि बटणाला. बटणाला नुसतं बोट टेकवून कसं चालेल? आज सगळी भिस्त त्याच्यावर. काकूंनी नारळाच्या पाण्यात कुंकू कालवून त्याला चांगलं भरघोस माखलं, वर अक्षता. काका म्हणाले, "अगं, जरा बेतानं." काकू म्हणाल्या, "देवाच्या कामात बेत नसतो."

मग काकू पुढच्या सीटवर बसल्या. दार दोनदा ओढलं. काकांनी सूचना द्यायला तोंड उघडलं आणि काही न बोलता मिटलं. त्या दिवशी त्यांनी गिअरही मनातल्या मनात टाकले.

दिंडोरी गेलं. द्राक्षांच्या बागा छाटून झाल्या होत्या, ऊन मी म्हणत होतं. काकूंचा एक हात दाराच्या कडीवर आणि दुसरा मांडीवरच्या ताटावर. मी मागे ठोकळे कवटाळून. वणी गेलं, नांदुरी आलं. झाडाखाली काकांची नेहमीची जागा होती, तिच्यासमोरून आम्ही न थांबता गेलो, तेव्हा काकांनी एकदा तिकडे बघितलं. घाट सुरू झाला. "आता नको, वळणाला दाब," काका म्हणाले. गाडी धापा टाकत चढत होती. "चाल वं माय, चाल!" काका पुटपुटले. ते अहिराणीत बोलायला लागले म्हणजे प्रसंग बाका समजायचा.

वळण आलं. "हं, दाब!"

काकूंनी दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. पंख्याचा आवाज नाही, काही नाही. बटण आत जाईचना. इंजिन दोनदा आचके देऊन बंद पडलं आणि गाडी त्याच वळणावर, त्याच उतारावर थांबली. काकांनी ब्रेकवर सगळा भार टाकला, हँडब्रेक ओढला. मी बाहेर उडी मारून ठोकळे चाकांना लावले.  उघड्या खिडकीतून बघते तर काकूंचे डोळे मिटलेले आणि बोटं कडीवर पांढरी पडलेली. सात-आठ वर्षांपूर्वीचं सगळं जसंच्या तसं. झालं, संपलं, आता ह्या कधीच बसायच्या नाहीत, असं मला वाटलं आणि डोळ्यांत पाणीच आलं.

काका समजावतील, विनवतील, टेक्निकली काय झालं ते सांगतील, असं वाटलं. पण त्यांनी शब्द पाळला. समोर बघत, अगदी हळू आवाजात म्हणाले, "उतरायचं तर उतर. सावकाश उतर. मी धरून ठेवलीय गाडी."

काकूंनी डोळे उघडले. आधी काकांच्या पायाकडे बघितलं. ब्रेकवर दाबलेला तो पाय गुडघ्यापासून थरथरत होता. बराच वेळ त्या पायाकडे बघत होत्या. मग कडीवरचा हात काढला आणि समोर वाकल्या.

"अहो, हे चिकटलंय."

"काय?"

"कुंकू. माझंच कुंकू. नारळाचं पाणी उन्हानं वाळून घट्ट बसलंय बघा."

"टेक्निकली, साखरेचा अंश..."

"गप बसा तुम्ही." काकूंनी अंबाड्यातला आकडा उपसला आणि बटणाच्या कडेनं कुंकवाची खपली कोरायला घेतली. पदराचं टोक ओलं करून पुसलं, पुन्हा कोरलं. मागे एक जीप येऊन थांबली, तिनं हॉर्न वाजवला. काकूंनी खिडकीतून मान बाहेर काढून दटावलं, "थांब की जरा! दिसत नाही काम चाललंय?" ह्याच बाई घाटात दार उघडून उडी मारतात, असं त्या जीपवाल्याला कोणी सांगितलं असतं तर त्यानं विश्वास ठेवला नसता.

"करा चालू," काकू म्हणाल्या. इंजिन सुरू झालं. काकूंनी अंगठा टेकवला. बटण आत गेलं आणि आतून पंखा असा कोकलला, की झाडावरचे कावळे उडाले. "मंजिरी, काढ गं ती लाकडं!"

मी ठोकळे ओढले. गाडी उसळली आणि गेली. गेली म्हणजे गेलीच! वळण घेतलं, वर चढली, दिसेनाशी झाली. आणि मी रस्त्यात, दोन्ही हातांत दोन ठोकळे घेऊन उभी. चढावर थांबायची सोय नव्हती हे मला कळत होतं, पण निदान एक हात तरी हलवायचा! मागच्या जीपमध्ये सायखेड्याची मंडळी होती. त्यांनी मला ठोकळ्यांसकट घेतलं. एक आजीबाई म्हणाल्या, "बाई, लाकडं देवीला वाहायची हाय का?" मी म्हटलं, "हो, नवस आहे."

वर पोचले तर गाडी सावलीत उभी आणि दोघं पायरीशी माझी वाट बघत होते. काकूंनी माझा घामेजला चेहरा बघितला आणि इतक्या हसल्या, की ताटातली खणाची घडी खाली पडली. "विसरलोच गं तुला!" म्हणाल्या. एवढ्या वर्षांत मी त्यांना तसं हसताना बघितलं नव्हतं. मला राग यायचा तो येईचना. दर्शन जोडीनं झालं. ओटी भरली. काका देवीसमोर हात जोडून उभे राहिले ते पुजाऱ्यानं पुढे व्हा म्हणेपर्यंत.

उतरताना घाटात बटणाची गरज नव्हती. काकू खिडकीतून बघत होत्या, कडी सोडून. खाली आलो, वणीच्या फाट्यावर काकांनी गाडी बाजूला घेतली, इंजिनाला जरा विसावा म्हणून. समोर दोन रस्ते. काकूंनी बोट केलं.

"हा कुठं जातो हो?"

"हा? सापुताऱ्याला."

"तिकडे चढ आहे?"

"आहे की. मोठा घाट आहे, वळणावळणाचा."

काकूंनी अंगठा पदराला पुसला. "मग जाऊ या ना. पोरीचं लग्न व्हायच्या आधी तुम्ही म्हणाला होतात नेईन म्हणून."

"अगं, परत यायला अंधार पडेल."

"पडू दे. तुम्ही आहात ना."

काकांचा हात चावीवर होता, तो तिथंच राहिला. मग खिशातला रुमाल शोधत, समोर बघतच, मला म्हणाले, "मंजिरीबाई, जरा खाली उतरता का? मागच्या टायरांत हवा आहे का बघा. लांबचा पल्ला आहे."

मी उतरले. मागचे दोन्ही टायर ठणठणीत होते. तरी मी पदर खोचून खाली बसले, आणि मागचे झाल्यावर पुढचेही, एकेक करून, अगदी सावकाश तपासले.